स्वयंपाकघरातील विद्युत्-उपकरणांसाठी तारेची व मंडलखंडकाची निवड : पिंपळगाव बसवंत येथील घरांच्या संदर्भात

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यास २२० किलोव्होल्टच्या पारेषण-वाहिनीतील दाबघट काढावयास सांगितली, तर तो ती सहज काढतो. त्याच विद्यार्थ्यास ‘तुमच्या घरच्या ओट्यावरील प्लगाला किती छेदाची तार आली आहे, आणि तिच्या मुळाशी किती अँपिअरचा खंडक बसविला आहे?’ असे विचारले, तर बहुधा उत्तर मिळत नाही. हा दोष एकट्या विद्यार्थ्याचा नव्हे. घरातील तारकाम हा विषय वायरमनवर सोपवून आपण मोकळे झालो आहोत, आणि वायरमनने तो वहिवाटीवर सोपविला आहे. वहिवाट दिवे, पंखे व रेडिओ यांच्या काळात पुरेशी होती. शेगडी विजेवर आली म्हणजे मात्र ती पुरत नाही, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

विजेवरील स्वयंपाक ही आता केवळ हौस राहिलेली नाही. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘गो इलेक्ट्रिक’ ही मोहीम आरंभिली, तेव्हा विजेवर चालणाऱ्या वाहनांबरोबर विजेवरील स्वयंपाकाचाही तीत समावेश होता. तत्पूर्वीच इंडक्शनची शेगडी मध्यमवर्गीय ओट्यावर गॅसच्या शेजारी येऊन बसली होती. प्रश्न असा की, जी तार एका दिव्याच्या व एका पंख्याच्या हिशेबाने भिंतीत पुरली गेली, तिने २,००० वॅटचा भार तासन् तास वाहावा, ही अपेक्षा कितपत रास्त आहे?

विवेचनासाठी पिंपळगाव बसवंत हे गाव निवडण्यास कारण आहे. निफाड तालुक्यातील, मुंबई-आग्रा महामार्गावरील हे गाव द्राक्षे, कांदा व टोमॅटो यांच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध आहे. येथे घरांचे दोन प्रकार शेजारी शेजारी आढळतात. एक, बाजारपेठेतील दाटीची, वेळोवेळी मजले चढविलेली घरे. त्यांतील तारकामाला निरनिराळ्या काळांचे थर असतात. दुसरा प्रकार मळ्यातील घरांचा. तेथे मीटर रस्त्याकडेला आणि घर द्राक्षबागेपलीकडे, असा प्रकार नित्याचा आहे. शिवाय हवामानही टोकाचे आहे. हिवाळ्यात निफाडचा पारा राज्यात नीचांकी म्हणून वृत्तपत्रांत झळकतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत तोच पारा ४० अंशांपर्यंत जातो. तारेच्या दृष्टीने या दुसऱ्या गोष्टीचे महत्त्व फार आहे.

प्रथम तारेच्या मापाविषयी थोडेसे. जुने वायरमन आजही ‘तीन-वीस’, ‘सात-वीस’ अशी भाषा बोलतात. तीन-वीस म्हणजे ब्रिटिश गेजमधील २० क्रमांकाच्या तीन तारांचा पीळ. २० क्रमांकाच्या तारेचा व्यास ०.९१४ मिलिमीटर, म्हणजे तिन्हींचा मिळून छेद सुमारे १.९७ चौरस मिलिमीटर होतो. त्याच हिशेबाने सात-वीसचा छेद ४.६ चौरस मिलिमीटर येतो. मेट्रिक पद्धतीत १, १.५, २.५, ४, ६ व १० चौरस मिलिमीटर अशी मापे आली, आणि दुकानात त्यांस ‘दीड एमएम’, ‘अडीच एमएम’ म्हणू लागले. या बोलीमुळे एक गैरसमज पसरला आहे, तो विद्यार्थ्यांतही दिसतो. अडीच एमएम हा व्यास नव्हे, छेद होय. एकजिनसी संवाहकाचा छेद अडीच चौरस मिलिमीटर असेल, तर त्याचा व्यास १.७८ मिलिमीटर भरतो. तांब्याच्या टंचाईच्या दशकांत अनेक घरांत ॲल्युमिनियमची तार घातली गेली, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ॲल्युमिनियमची संवाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असते. त्याहून मोठी अडचण सांध्यांची आहे. त्याच्या पृष्ठावर ऑक्साइडचा कठीण थर बसतो आणि स्क्रूच्या दाबाखाली धातू हळूहळू सरकतो. सांधा सैल होतो, आणि सैल सांधा तापतो.

तार किती प्रवाह वाहू शकते, हा प्रश्न वस्तुतः उष्णतेचा आहे. ज्यूलच्या नियमानुसार तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ही उष्णता पीव्हीसीच्या आवरणातून, नळीतील हवेतून व भिंतीतून बाहेर पडते. निर्माण होणारी व बाहेर पडणारी उष्णता समान झाली, की उष्णतामान स्थिरावते. साध्या पीव्हीसीसाठी हे स्थिर उष्णतामान ७० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ नये, असा मानकांचा दंडक आहे. तारेची ‘क्षमता’ म्हणून जो आकडा सांगितला जातो तो धातूचा गुण नाही. विशिष्ट परिस्थितीत आवरणास ७० अंशांवर आणून ठेवणारा तो प्रवाह आहे. परिस्थिती बदलली की आकडा बदलतो.

आंतरराष्ट्रीय कोष्टकांत भिंतीतील नळीमधून नेलेल्या, पीव्हीसी आवरणाच्या तांब्याच्या तारांच्या एका जोडीस, भोवतालचे उष्णतामान ३० अंश धरून, पुढील क्षमता दिल्या आहेत : दीड चौरस मिलिमीटरला १७.५ अँपिअर, अडीचला २४, चारला ३२, सहाला ४१, दहाला ५७. येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. अडीचवरून दहावर गेले असता छेद चौपट होतो, पण क्षमता सुमारे २.४ पटच वाढते. कारण रोध छेदाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत असला, तरी उष्णता बाहेर टाकणारे पृष्ठ त्या प्रमाणात वाढत नाही. यास्तव ‘एक चौरस मिलिमीटरला इतके अँपिअर’ असा जो ठोकळ नियम तोंडी चालतो, तो जाड तारेला लावल्यास धोक्याचा ठरतो.

आता भोवतालचे उष्णतामान पाहू. ३० अंश हे मूळचे गृहीत आहे. पिंपळगावातील गच्चीच्या स्लॅबमधून गेलेल्या नळीचे मे महिन्यातील दुपारचे उष्णतामान ४५ अंश धरणे मुळीच अतिशयोक्तीचे नाही. मग आवरणाला चढावयास उरतात ४० अंशांऐवजी २५ अंश. उष्णतावाढ प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने क्षमता २५ भागिले ४० याच्या वर्गमुळाने, म्हणजे ०.७९ ने गुणावी लागते. शिवाय त्याच नळीतून दुसऱ्या मंडलाच्या तारा गेल्या असतील, तर त्या परस्परांना तापवितात. दोन मंडलांस ०.८०, तिघांस ०.७० असा गुणक लावतात. अडीच चौरस मिलिमीटरची तार घ्या : २४ गुणिले ०.७९ गुणिले ०.८० बरोबर १५.२ अँपिअर. ज्या तारेला आपण बेधडक ‘वीस-बावीस अँपिअरची’ म्हणतो, ती स्लॅबमध्ये, शेजारणीसह, वैशाखात, सोळा अँपिअरचीदेखील राहत नाही. चार चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास हाच आकडा २०.२ येतो.

भाराचा हिशेब तुलनेने सोपा आहे. २३० व्होल्टवर २,००० वॅटची इंडक्शन शेगडी ८.७ अँपिअर घेते, १,५०० वॅटची विजेची भट्टी ६.५ अँपिअर, ८०० वॅट उष्णता देणारा मायक्रोवेव्ह जाळ्यातून सुमारे १,२०० वॅट घेतो, म्हणजे ५.२ अँपिअर. तिन्ही एकदम चालली तर २०.४ अँपिअर. मिक्सर व शीतकपाट निराळे. यावर कोणी म्हणेल की, सर्व उपकरणे एकाच वेळी चालत नाहीत. हे खरे आहे, आणि या सत्याला ‘विविधता-गुणक’ असे शास्त्रीय रूपही दिले गेले आहे. ब्रिटनमध्ये घरगुती कुकरसाठी असा नियम प्रचारात आहे की, पहिले १० अँपिअर पूर्ण धरावेत, उरलेल्या प्रवाहाचे ३० टक्के धरावेत आणि त्याच फलकावर प्लगची जागा असल्यास आणखी ५ अँपिअर मिळवावेत. ७ किलोवॅटचा कुकर ३०.४ अँपिअर घेतो. नियमाने हिशेबाचा प्रवाह १६.१, प्लगसह २१.१ येतो. नियम उत्तम आहे. पण तो जन्मला आहे तो एकाच भट्टीत तीन-चार तापमान-नियंत्रित चुली असणाऱ्या स्वयंपाकघरात; तेथे चुली आपापसांत थांबत-चालत राहतात. आपल्याकडे दिवाळीच्या आदल्या आठवड्यात चकलीची कढई एका शेगडीवर व शंकरपाळ्यांची दुसरीवर असते, भट्टीत नानकटाई असते, आणि हे चार-चार तास चालते. लहान छेदाची तार स्थिर उष्णतामानास अर्ध्या तासाच्या आतच पोहोचते. म्हणून विविधतेचा आधार वर्षातील सरासरी दिवसावर न घेता फराळाच्या दिवसावर घ्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आणखी एक सूक्ष्म भेद येथेच नोंदविला पाहिजे. जुन्या कॉइलच्या शेगडीचा रोध स्थिर असतो. दाब २३० वरून २०७ व्होल्टवर उतरला, तर २,००० वॅटची कॉइल १,६२० वॅटच देते आणि प्रवाह ८.७ वरून ७.८ वर येतो. भाजी शिजावयास वेळ लागतो, पण तारेला आराम मिळतो. इंडक्शनच्या शेगडीतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रण मात्र शक्ती कायम राखण्याचा यत्न करते. अशा शेगडीचा प्रवाह त्याच २०७ व्होल्टवर ९.७ अँपिअरपर्यंत चढतो. वाहिनीच्या टोकाशी असलेल्या वस्तीत संध्याकाळी दाब घसरतो, हा अनुभव सर्वांचाच आहे. म्हणजे ज्या वेळी तार आधीच ताणलेली असते, त्याच वेळी ही शेगडी अधिक मागते. कित्येक स्वस्त शेगड्या मंद आचेवर शक्ती कमी न करता खंडाखंडाने चालू-बंद होतात, हेही मापन करताना विसरू नये. पडद्यावर ३०० वॅट दिसत असताना मापकाचा काटा त्याहून कितीतरी वर उडी घेतो.

तार निवडल्यावर खंडकाकडे वळू. बाजारात ज्यास एमसीबी म्हणतात त्या लघु मंडलखंडकात दोन यंत्रणा असतात. अतिभारासाठी द्विधातुपट्टी तापून वाकते. मंडलसंक्षेपासाठी, म्हणजे आपल्या नित्याच्या भाषेत शॉर्ट सर्किटसाठी, विद्युच्चुंबक क्षणार्धात खटका ओढतो. पट्टीची वर्तणूक मानकाने अशी बांधून दिली आहे : नामांकित प्रवाहाच्या १.१३ पटीस खंडक तासभर उघडू नये, आणि १.४५ पटीस तासाभरात उघडलाच पाहिजे. यावरून निवडीचा मूळ नियम निघतो. भाराचा प्रवाह खंडकाच्या नामांकनाहून अधिक नसावा, आणि खंडकाचे नामांकन तारेच्या प्रत्यक्ष क्षमतेहून अधिक नसावे. जुन्या चिनीमातीच्या किटकॅटमधील वितळतार नामांकनाच्या दुप्पट प्रवाहाला वितळते; म्हणून तिच्यासाठी नामांकन तारेच्या क्षमतेच्या ०.७२५ पटीतच ठेवावे लागते. त्या वितळतारेच्या जागी फ्लेक्झिबल वायरमधील दोन-चार तंतू पिळून बसविण्याची कला घराघरांत अवगत होती, ही गोष्ट निराळी. प्रीसच्या नियमाप्रमाणे तांब्याच्या अर्ध्या मिलिमीटर व्यासाच्या एका तंतूस वितळावयास सुमारे २८ अँपिअर लागतात. असे दोन तंतू पिळले की संरक्षण नावापुरतेच उरते.

खंडक हा तारेचा रखवालदार आहे. उपकरणाचा नाही, माणसाचा तर नाहीच. हे न कळल्याने जी चूक सर्वत्र होते, तिचा उगम मोठा मनोरंजक आहे. खंडकाची पट्टी ३० अंशांवर जुळविलेली असते. पत्र्याच्या पेटीत, पश्चिमेच्या भिंतीवर, मे महिन्यात ती पेटी ४५ अंशांवर गेली, तर सोळाचा खंडक सोळाच्या आतच उघडू लागतो. गृहिणी त्रासून जाते, वायरमनला बोलावणे धाडले जाते, आणि तो सोळाच्या जागी बत्तीसचा खंडक बसवून देतो. खटका पडणे थांबते. सर्वांस समाधान वाटते. आता हिशेब करा. बत्तीसचा खंडक ३६ अँपिअरपर्यंत तासभर स्वस्थ बसू शकतो. खाली दीड चौरस मिलिमीटरची तार असून तिच्यावर वरील २०.४ अँपिअर आले, तर उष्णतावाढ ४० गुणिले (२०.४ भागिले १७.५) चा वर्ग, म्हणजे ५४ अंश, भोवतालचे ४५ मिळवून तार ९९ अंशांवर राहते. ही तार तत्काळ पेट घेणार नाही. पीव्हीसीतील मृदुकारक द्रव्य उडून जाते, आवरण कडक व ठिसूळ होते, आणि दर ८ ते १० अंशांमागे त्याचे आयुष्य निम्मे होते असा स्थूल नियम आहे. ३० अंशांची आगळीक म्हणजे आयुष्य आठव्या भागाच्या आसपास. पुढे एखाद्या वाकणावर आवरणास भेग जाते. तोवर बत्तीसचा खंडक बसवून कित्येक वर्षे लोटलेली असतात आणि कारणाची आठवण कोणास राहत नाही.

तार व खंडक दोन्ही बरोबर असूनही प्लग जळतो, हे प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या ओट्यावर पाहिले आहे. इंडक्शनच्या प्लगाची एक पिन तपकिरी पडली, सॉकेटचे तोंड वितळले. सोळाचा खंडक एकदाही पडला नव्हता. पडण्याचे कारणच नव्हते, कारण प्रवाह ८.७ अँपिअरच होता. सॉकेटमधील स्प्रिंग सैल होऊन तेथील स्पर्शरोध एक दशांश ओहम झाला, तरी ७.६ वॅट उष्णता एका पिनेच्या टोकाशी साठते. लहान सोल्डरिंग आयर्नची शक्ती याहून फार अधिक नसते. भारतीय मानक १२९३ प्रमाणे सॉकेट ६ व १६ अँपिअरचे असतात. शेगडीस सोळाचेच हवे आणि मध्ये मल्टिप्लग नको. वसतिगृहांत कॉइलच्या शेगडीवर बंदी असते ती व्यवस्थापकांच्या कठोरपणामुळे, असे विद्यार्थी मानतात. खोलीतील सहा अँपिअरच्या सॉकेटवर दोन हजार वॅट लावून पाहिल्याशिवायही ते मत बदलता येण्यासारखे आहे.

मळ्यातील घराचा प्रश्न निराळा. तेथे उष्णतेपेक्षा अंतर महत्त्वाचे. मीटरपासून घर ६० मीटर दूर आहे आणि २० अँपिअर न्यावयाचे आहेत, असे धरू. तापलेल्या तांब्याच्या चार चौरस मिलिमीटरच्या जोडीत दर अँपिअर-मीटरला ११ मिलिव्होल्ट घट होते; एकूण १३.२ व्होल्ट, म्हणजे ५.७ टक्के. उष्णतेच्या दृष्टीने तार चालेल, दाबाच्या दृष्टीने नाही. दहा चौरस मिलिमीटरची तार घेतल्यास घट सुमारे ५.३ व्होल्टवर येते.

परंतु दाबघटीहून गंभीर बाब दुसरीच आहे. चार चौरस मिलिमीटरच्या त्या जोडीचा रोध ०.६६ ओहम होतो. पुरवठ्याच्या बाजूचा अर्धा ओहम मिळविला, तर घराच्या टोकाशी झालेल्या मंडलसंक्षेपाचा प्रवाह २३० भागिले १.१६, म्हणजे १९८ अँपिअर. ‘सी’ प्रकारच्या खंडकाचे चुंबक नामांकनाच्या ५ ते १० पटींत केव्हाही ओढते. वीसच्या खंडकास खात्रीने २०० अँपिअर लागतात. अर्थात तो क्षणार्धात उघडेलच असे म्हणता येत नाही. ‘बी’ प्रकाराचे चुंबक ३ ते ५ पटींत ओढते, म्हणून १०० अँपिअर पुरतात. शेगडी व भट्टी यांना मोटरीसारखा आरंभीचा मोठा झटका नसतो. तरी दुकानात मागितल्याशिवाय ‘सी’च हाती पडतो, आणि मागणारा विरळा.

राहिला माणसाच्या जिवाचा प्रश्न. शेगडीच्या धातूच्या कायेला आतील जिवंत तार चिकटली, तर प्रवाह घराच्या स्वतःच्या अर्थिंगमधून जमिनीत उतरतो. काळ्या जमिनीतील अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला आणि त्याचा रोध १० ओहम झाला, रोहित्राकडील भूसंपर्काचे २ ओहम धरले, तर प्रवाह १९ अँपिअर. वीसचा खंडक या प्रवाहाला भारच समजतो. तो उघडत नाही. शेगडीच्या कायेवर मात्र १९ गुणिले १०, म्हणजे १९० व्होल्ट उभे राहतात. ओल्या ओट्याशी, अनवाणी उभ्या असलेल्या व्यक्तीस ते प्राणघातक आहेत. तारेची जाडी वाढवून किंवा खंडक लहान करून हे संकट टळत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरला उघडणारा गळतीखंडक, म्हणजे बाजारातील आरसीसीबी, लागतो. तो जाणारा व परतणारा प्रवाह यांतील फरक मोजतो, आणि १० ओहमच काय, शंभर ओहमच्या अर्थिंगवरही उघडतो. तो अतिभार मात्र पाहत नाही, म्हणून एमसीबीची जागा तो घेऊ शकत नाही, दोन्ही हवेत.

जुन्या घरात सर्व तारकाम एकदम बदलणे खर्चाचे असते. अशा वेळी क्रम लावावयाचा झाल्यास प्रथम गळतीखंडक बसवावा व अर्थिंगचा रोध मोजून घ्यावा. बत्तीसचा खंडक कोणी बसविला असल्यास तो काढून तारेच्या मापाचा लावावा; पेटी तापत असेल तर पेटीची जागा बदलावी. त्यानंतर ओट्यासाठी वितरण-फलकापासून चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार, स्वतंत्र नळीतून आणून, तीवर सोळाचा खंडक व सोळाचे एकच सॉकेट द्यावे. भट्टीसाठी तसेच दुसरे मंडल करावे. नळी स्वतंत्र असेल, तर स्लॅबमधील ४५ अंशांतही या तारेची क्षमता २५ अँपिअरच्या वर राहते, आणि २,००० वॅटच्या शेगडीसाठी तिचे उष्णतामान ४५ वर जेमतेम तीन अंश चढते. गळतीखंडकावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. ते दाबल्यावर खटका पडला नाही, तर खंडक बदलावा.